पेरणीयंत्र घेताना: एचपी पुरेल, पण पकड पुरेल का?

मिरजगावहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. रेडिओ लावून स्वयंपाक करणाऱ्या, गोठ्यात झाडलोट करणाऱ्या, शेताच्या बांधावर बसून ऐकणाऱ्या सगळ्या ताई-माई-आक्कांना आमचा नमस्कार.

आसपासच्या दोन गटांकडून आम्हाला एकच प्रश्न आला. "आमच्या गटाला अवजारे बँक काढायची आहे. गटातल्या एकीच्या घरी ३५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. त्याला सहा ओळींचं मोठं टोकण यंत्र चालेल का?"

हाच प्रश्न आम्हालाही पडला होता. आम्ही चुकलो, थोडं नुकसान झालं आणि त्यातून शिकलो. म्हणून आज त्यावरच बोलायचं ठरवलंय. हिशेब थोडा आहे, पण दूध डेअरीची पावती जिला कळते तिला हाही कळेल. वही-पेन जवळ असेल तर घेऊन बसा.

आमच्या रानातली चाचणी

आपला कर्जत तालुका अवर्षणप्रवण. इथलं मुख्य पीक रब्बीची ज्वारी. पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबर हा तिच्या पेरणीचा काळ. पण कागदावरचा महिना वेगळा आणि रानातले दिवस वेगळे. पाऊस पडून गेल्यावर वापसा येतो, तो भारी रानात पाच-सहा दिवस, हलक्या रानात दोन-तीन दिवस टिकतो. तेवढ्यात बी ओलीत पडलं तर ज्वारी आणि कडबा दोन्ही घरात येतात. नाही पडलं तर उन्हाळ्यात जनावरांपुढे काय टाकायचं, हा प्रश्न घरात बाईलाच पडतो.

पूर्वी पाभर चालायची तेव्हा पुष्कळ घरांत चाड्यावर मूठ बाईचीच असायची. आता बैलं कमी झाली, पेरणी ट्रॅक्टरवर आली आणि वापसा आला की सगळ्यांना एकाच दिवशी ट्रॅक्टर हवा असतो. म्हणून आमच्या गटाने ठरवलं की आपणच यंत्र घ्यायचं, गटातल्या बायकांची पेरणी आधी करायची आणि मग बाहेर भाड्याने द्यायचं.

दुकानदाराने सहा ओळींचं यंत्र दाखवलं. "३५ एचपीला आरामात चालतं," म्हणाला. कर्जाचा अर्ज भरून तयार होता. आम्ही एवढंच म्हटलं की आधी एका रानात चालवून दाखवा. गटातल्या एका ताईंचं दीड एकर रान तयार होतं, तिथे यंत्र नेलं.

पहिल्या तासाला ट्रॅक्टर बरा चालला. मग खोलगट भागात ओल जास्त होती, तिथे मागची चाकं जागेवर फिरायला लागली. चालवणाऱ्या दादांनी लिव्हर थोडी वर घेतली, यंत्र हलकं झालं, ट्रॅक्टर पुढे सरकला. पुन्हा अडकला, पुन्हा लिव्हर वर. शेवटी बांधावरून वळताना यंत्र पूर्ण उचललं आणि ट्रॅक्टरने तोंड उचललं. पुढची चाकं हातभर वर. कुणीतरी ओरडलं, "पुढे बंपरवर दोन पोरं बसवा!" नशीब, कुणी बसलं नाही.

आठवड्याने बघितलं तर ज्वारी पट्ट्यापट्ट्याने उगवली होती. जिथे जिथे लिव्हर वर घेतली होती, तिथे बी दोन इंच खोल जाण्याऐवजी वरच्या कोरड्या मातीत पडलं होतं. त्या ताईंना जवळजवळ अर्ध्या रानात पुन्हा पेरावं लागलं, तेही ओल सरत आलेली असताना. बियाणं गटाने भरून दिलं. पण गेलेला वापसा कुणाला भरून देता येत नाही.

आम्हाला वाटलं, दुकानदाराने फसवलं. नंतर जाणत्यांना विचारून हिशेब मांडला तेव्हा कळलं की एचपीपुरता तो खरंच बोलत होता. आम्हीच एक प्रश्न विचारला आणि दोन विचारायचे राहिले.

ते तीन प्रश्न असे आहेत. ट्रॅक्टरला ताकद पुरेल का? चाकांना पकड मिळेल का? आणि यंत्र उचलल्यावर पुढची चाकं जमिनीवर राहतील का?

पहिला प्रश्न: ताकद

एचपी म्हणजे अश्वशक्ती. ७५ किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जेवढी ताकद लागते, ती एक अश्वशक्ती. यात ओझं आहे आणि वेगही आहे. म्हणून हिशेबाला दोन आकडे लागतात. यंत्राची ओढ किती किलो आणि वेग ताशी किती किलोमीटर. दोन्हींचा गुणाकार करायचा आणि २७० ने भागायचं, की ओढीला लागणारे एचपी येतात.

बी आणि खत एकदम पेरणाऱ्या यंत्राला आपल्या कुळवलेल्या काळ्या रानात एका ओळीमागे साधारण १०० किलो ओढ धरून चाला. हलक्या रानात कमी लागेल, ढेकळांच्या रानात जास्त. सहा ओळींची ओढ झाली ६०० किलो. टोकण यंत्र ताशी ४ किलोमीटरच्या आसपास चालवायचं असतं. ६०० गुणिले ४ म्हणजे २,४००. त्याला २७० ने भागलं की येतात सुमारे ९ एचपी.

नऊच? मग ३५ एचपी कुठे जातात? इंजिनाची ताकद गिअरमधून, मागच्या एक्सलमधून, टायरमधून मातीत उतरेपर्यंत गळत जाते. मऊ रानात ओढीला तिच्यातली निम्मीच उरते असं धरा. म्हणजे ९ एचपी ओढीसाठी इंजिन हवं १८ एचपीचं. चढ, ढेकळं, वळणं यांच्यासाठी थोडी शिल्लक ठेवली तरी २५-२६ पुरे.

म्हणजे ३५ एचपीच्या ट्रॅक्टरला ताकदीची अडचण नव्हती. चाकं फिरत होती तेव्हा इंजिन दमलं नव्हतं, धूर ओकत नव्हतं. ते मजेत चाललं होतं आणि ट्रॅक्टर मात्र जागचा हलत नव्हता.

एक अपवाद सांगून ठेवतो. हवेच्या दाबावर चालणारं, म्हणजे न्यूमॅटिक टोकण यंत्र असेल तर त्याचा पंखा पीटीओवर चालतो. त्याला वेगळे पाच-सात एचपी तरी धरावे लागतात आणि ते यंत्र वजनालाही भारी असतं.

दुसरा प्रश्न: पकड

विहिरीच्या काठावर उभं राहून दोराने भरलेली कळशी ओढतोय असं समजा. काठ कोरडा असेल तर पाय रोवून ओढता येतं. शेवाळ असेल तर अंगात कितीही जोर असो, पाय घसरतो. ट्रॅक्टरचंही तसंच. इंजिनाचा जोर मातीला पोचवतात ती मागची चाकं, आणि ती घट्ट रोवली जातात त्यांच्यावरच्या वजनामुळे.

ढोबळ नियम असा. मागच्या चाकांवर जेवढं वजन आहे, त्याच्या निम्मी ओढ घट्ट, कोरड्या, न मोडलेल्या रानात मिळते. नांगरून-कुळवलेल्या रानात शंभराला चाळीस धरा. ओल जास्त असेल तर तीस, चिखलात त्याहूनही कमी.

आता आमच्या ट्रॅक्टरचा हिशेब करू. एकूण वजन १,८०० किलो. त्यातलं पुढच्या चाकांवर ७०० आणि मागच्या चाकांवर १,१००. ओढ लागली की ट्रॅक्टर मागे थोडा दबतो, म्हणून मागचं वजन १,२०० धरू. कुळवलेल्या रानात त्याचे शंभराला चाळीस म्हणजे ४८० किलो. यंत्राला हवी ६०० किलो. बस, इथेच घोडं पेंड खातं! आणि खोलगट ओलीच्या जागी ४८० चे झाले ३६०. चाक जागेवर फिरलं नसतं तरच नवल.

तेच यंत्र चार ओळींचं असतं तर ओढ ४०० किलो. ४८० मधून ४०० सहज भागतात. ओलीची जागा आली तर तिथे थोडं थांबून, वापसा आल्यावर पेरता येतं.

ट्रॅक्टरला मागे अवजार जोडायच्या तीन दांड्या असतात ना, त्या या पकडीसाठीच आल्या. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन या माणसाने १९२० च्या दशकात ही जोडणी बसवली. अवजाराची ओढ आणि वजन मागच्या चाकांवर उतरावं आणि हलक्या ट्रॅक्टरनेही नांगर ओढावा, हा तिचा उद्देश. आज आपल्या गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरला हीच जोडणी आहे. पण टोकण यंत्र रानात असताना स्वतःच्या चाकांवर बसून चालतं, त्यामुळे त्याचं वजन मागच्या टायरवर फारसं येत नाही. नांगराला जी मदत मिळते ती इथे कमी मिळते.

पकड वाढवायला काय करता येतं?

मागच्या टायरात पाणी भरता येतं. वॉल वर ठेवून टायर पाऊणपट पाण्याने भरतात, वरची जागा हवेला. १३.६-२८ मापाच्या एका टायरात साधारण दीडशे ते दोनशे लिटर पाणी बसतं, म्हणजे तेवढेच किलो वजन वाढतं. त्यासाठी वेगळा वॉल लागतो, टायरवाल्याकडून करून घ्यावं. चाकाला लोखंडी वजनंही बसवता येतात.

टायरमधली हवा बघा. रस्त्यावर चालायला हवा कडक भरलेली असते आणि तशीच शेतात नेतात. मग टायर गोल दगडासारखा मातीवर टेकतो. शेतात साधारण १२ ते १४ पीएसआय पुरते. आपल्या टायरचा नेमका आकडा पुस्तिकेत बघून घ्यावा. टायरच्या नक्षीचे कड झिजलेले असतील तर पाणी भरूनही उपयोग नाही.

चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर असेल तर पुढच्या चाकांवरचं वजनही पकडीला येतं आणि ओल्या रानात त्याचा फायदा होतो. पण तो महाग पडतो, फक्त पेरणीसाठी घेऊ नये.

वजन मात्र गरजेपुरतंच. ओल्या काळ्या रानात जड ट्रॅक्टर फिरला की माती दाबली जाते आणि पुढे मुळांना त्रास होतो. पेरणी आटोपली की वजनं काढून ठेवावीत.

घसर कशी मोजायची

आमच्या गटातल्या सातवी शिकलेल्या आक्कांनी हे स्वतः मोजलंय.

मागच्या टायरवर खडूने एक खूण करा. यंत्र जमिनीत घालून पेरणीच्या वेगाने ट्रॅक्टर चालवा. खूण खाली आली की जमिनीवर खुंटी रोवा आणि चाकाचे दहा फेरे मोजा. दहावा फेरा संपला की दुसरी खुंटी. आता यंत्र उचलून घ्या आणि तेवढंच अंतर, त्याच रानात, पुन्हा चाला. आता चाकाचे फेरे किती झाले?

नऊ झाले तर दहातला एक फेरा वाया जात होता, म्हणजे घसर दहा टक्के. साडेआठ झाले तर पंधरा. मागच्या दोन चाकांच्या ट्रॅक्टरला दहा ते पंधरा टक्के घसर चालते. आठच फेरे झाले तर घसर वीस टक्के. पाच फेऱ्यांतल्या एका फेऱ्याचं डिझेल आणि वेळ मातीत. तिथे वजन वाढवा किंवा यंत्र लहान करा. आणि फेरे जवळपास दहाच झाले, घसर पाच टक्क्यांहूनही कमी निघाली, तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे, थोडं वजन काढा.

इथे एक गैरसमज दूर करतो. ट्रॅक्टरचं चाक घसरलं म्हणून बी दाट पडतं असं काहीजण म्हणतात. बी सोडणारी चकती यंत्राच्या स्वतःच्या चाकावर चालते, ट्रॅक्टरच्या नाही. ट्रॅक्टर जागेवर अडला की तीही थांबते. खरं नुकसान लिव्हरने होतं. चाक घसरलं की चालवणारा लिव्हर वर घेतो, फण वर येतात, बी कोरड्यात पडतं. वरून सगळं पेरलेलं दिसतं. कळतं ते आठवड्याने.

म्हणून चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. खोली यंत्राच्या खोलीच्या चाकांवर एकदा बसवायची आणि लिव्हर पूर्ण खाली सोडायची. ड्राफ्टची लिव्हर नांगरासाठी असते, तिच्यावर पेरणी करू नये. अडकला तर लिव्हर उचलून दामटायचं नाही, थांबायचं आणि खाली उतरून बघायचं. आणि बाईनेही मागे चालून दर दोन-तीन फेऱ्यांनी माती उकरून बी किती खोल आहे ते बोटाने बघावं. चाड्यावरची मूठ सुटली, तरी पेरणीवरची नजर सोडू नये.

तिसरा प्रश्न: उचल आणि तोंड

पाण्याची कळशी कमरेवर धरली तर आपण कोसभर चालतो. तीच हात लांब करून धरली तर दहा पावलं जात नाहीत. यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जितकं लांब, तितकं ते ट्रॅक्टरला जड.

सहा ओळींच्या यंत्राचं वजन ५५० किलो धरू. त्यात बी-खताच्या पेट्या भरल्या की ७०० किलो. यंत्राचा भार मागच्या एक्सलपासून १.४ मीटर मागे पडतो. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर १.९ मीटर. ७०० ला १.४ ने गुणायचं आणि १.९ ने भागायचं, उत्तर येतं सुमारे ५१५. यंत्र उचललं की पुढच्या चाकांवरचं एवढं वजन हलकं होतं. ७०० तून ५१५ गेले, उरले १८५ किलो.

स्टिअरिंग हातात राहायला ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर हवा. १,८०० चा पाचवा हिस्सा ३६०. आमच्याकडे उरले होते १८५. सपाट रस्त्यावर हा ट्रॅक्टर कसाबसा चालेल, पण स्टिअरिंग हवेत फिरेल. आणि बांध चढताना, खड्ड्यातून निघताना तोंड उचलणारच. ट्रॅक्टर मागे उलटून माणसं दगावतात ती अशाच वेळी.

चार ओळींचं यंत्र पेट्या भरून ४५० किलो आणि त्याचा भार १.३ मीटर मागे. तसाच हिशेब केला तर पुढून ३०८ किलो कमी होतात, ३९२ उरतात. ३६० हवे होते. भागलं.

आता कुणाकडे ४५ एचपीचा, २,०५० किलोचा ट्रॅक्टर आहे असं धरा. त्याचं पुढचं वजन ७८० आणि एक्सलमधलं अंतर दोन मीटर. सहा ओळींच्या यंत्राने ४९० किलो कमी होतील, उरतील २९०. हवे ४१०. म्हणजे याही ट्रॅक्टरला पुढे सव्वाशे-दीडशे किलोची लोखंडी वजनं लावावीच लागतील. ओढीसाठी मागच्या टायरात पाणीही भरावं लागेल. मागे १,२७० किलो, पाण्याचे साडेतीनशे आणि ओढीने दबलेले शंभर असे सुमारे १,७०० झाले की त्याचे शंभराला चाळीस ६८० होतात आणि ६०० ची ओढ निघते. म्हणजे सहा ओळींचं यंत्र ४५ एचपीला चालतं, पण मागे पाणी आणि पुढे वजन लावल्यावरच.

हे आकडे आमच्या ट्रॅक्टर-यंत्राचे. तुमचे वेगळे असतील. गुणाकार-भागाकार नको वाटला तर सोपी रीत सांगतो. आम्ही नगर-सोलापूर रस्त्यावरच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर नेला. आधी चारही चाकं काट्यावर, मग फक्त पुढची, मग फक्त मागची. शेवटी पेट्या भरून, यंत्र उचलून, फक्त पुढची चाकं. तीन-चार पावत्यांत सगळं उत्तर मिळालं. काट्यावरचे दादा आधी हसले. मग म्हणाले, "ऊस, कांदा मोजायला येतात. ट्रॅक्टरचं तोंड मोजायला तुम्हीच पहिल्या."

लिफ्टची ताकद दुकानदार सांगतो, बाराशे किलो, पंधराशे किलो. तो आकडा बहुधा खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेला असतो. यंत्राचा भार त्याच्याही मागे असतो, तिथे तेवढं उचलत नाही. आणि लिफ्टने उचललं म्हणजे ट्रॅक्टरला पेललं असं नाही.

ओळी आणि चाकोरी

ज्वारीच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवतो. चार ओळींत बाहेरच्या दोन ओळी एकमेकींपासून १३५ सेंटिमीटरवर येतात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांमधलं अंतरही नेमकं १३५ असेल तर दोन्ही बाहेरचे फण टायरने दाबलेल्या मातीत चालतात. त्यांना ओढ जास्त लागते आणि बी वर राहतं. मागच्या चाकांच्या रिमा उलट-सुलट बसवून अंतर कमी-जास्त करता येतं. टायर ओळीवर न येता दोन ओळींच्या मध्ये येईल असं बघा. नाही जमलं तर टायरच्या मागे माती मोकळी करणारा छोटा फण लावून घ्या.

वाटही मोजा. सहा ओळींचं यंत्र पावणेतीन मीटर तर असतंच, कड धरून तीन. आपल्या पाणंद रस्त्यावर, दोन्हीकडून बाभळी वाकलेल्या असताना, ते जाईल का?

मोठं यंत्र, जास्त काम?

ताशी ४ किलोमीटर वेगाने, वळणं आणि पेट्या भरण्याचा वेळ सोडून, सहा ओळींचं यंत्र आठ तासांत तेरा-चौदा एकर करतं. चार ओळींचं नऊ-सव्वानऊ. फरक चार एकरांचा. पण हा हिशेब मोठ्या, सलग रानाचा. आमच्या गटातल्या बायकांची रानं एक-दीड एकराची, मध्ये बांध, मध्ये विहीर. मोठं यंत्र वळायलाच वेळ खातं. तो फरक दोन एकरांवरही येतो. आणि भरून काढायला म्हणून वेग वाढवला तर चकतीची घरं भरत नाहीत, ओळीत खाडे पडतात.

आम्ही कर्जाचा अर्ज बदलला आणि चार ओळींचं यंत्र घेतलं. ते ३५ एचपीच्या ट्रॅक्टरला पेलतं, आणि गावात बहुतेकांकडे ट्रॅक्टर त्याच ताकदीचे आहेत. म्हणजे आमचा ट्रॅक्टर अडकला तर दुसऱ्याचा जोडता येतो. आधी ज्यांच्या रानात चाचणी घेतली होती त्या ताईंनी पुढच्या रब्बीला पहिली पेरणी आपल्याच रानात करायला लावली. दर तीन फेऱ्यांनी माती उकरून त्याच बघत होत्या. ज्वारी एकसारखी उगवली.

घेण्याआधी विचारायचं

अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. सध्याचा नियम काय आहे ते तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. पण अनुदान मिळतंय म्हणून मोठं यंत्र घेऊ नका. अनुदान एकदाच मिळतं, हप्ता दर महिन्याला येतो.

दुकानदाराला हे विचारा. यंत्राचं रिकामं वजन किती, पेट्या भरून किती? ओळी कमी-जास्त करता येतात का? कारण सहाच्या चौकटीवरून दोन फण काढता आले तर अडचणीत मार्ग निघतो. ट्रॅक्टरचा चाचणी अहवाल आहे का? मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात ट्रॅक्टरची प्रत्यक्ष ओढ आणि उचल दिलेली असते. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा तो आकडा बघा. आणि शेवटचं, माझ्या रानात, माझ्या ट्रॅक्टरला, पेट्या भरून चालवून दाखवणार का? नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

आपल्याच जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, तिथे कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथल्या लोकांना प्रश्न विचारायला आपला पैसा जात नाही. वजनकाट्याच्या पावत्या सोबत न्या, म्हणजे उत्तर नेमकं मिळेल.

जाता जाता तीन गोष्टी, त्या मात्र विसरू नका. यंत्र दाबलं जावं म्हणून त्याच्यावर कुणी बसायचं नाही. पुढचं तोंड उचलतंय म्हणून बंपरवर पोरांना बसवायचं नाही. वजन कमी पडलं तर लोखंड लावायचं, माणूस नाही. आणि पीटीओचा दांडा फिरत असेल तेव्हा जवळ जायचं नाही. तो मिनिटाला ५४० फेरे फिरतो, पदर किंवा ओढणी अडकली तर सोडवायला वेळ मिळत नाही. पदर खोचून घ्या, दांड्यावर आवरण नसेल तर आधी बसवून घ्या.

ताई, "ट्रॅक्टरमधलं बायकांना काय कळतं," असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. वजनकाट्याची पावती पुढे ठेवा आणि एवढंच विचारा, "यंत्र उचलल्यावर पुढच्या चाकांवर किती किलो राहतात?"

पुन्हा भेटूच. तोपर्यंत नमस्कार.